हेडफोन घ्यायचाय? आधी जागा, मग कान, मग खिसा

‘दहा हजारांत चांगला हेडफोन कोणता?’ वाचकांकडून हा प्रश्न सतत येतो. कधी आकडा पाच हजारांचा असतो, कधी पंचवीस हजारांचा, प्रश्न तोच. एका नावात उत्तर देऊन मोकळं होता येईल, पण त्याने विचारणाऱ्याचं काम होईलच असं नाही. लोकलमध्ये गाणी ऐकणारा, रात्री झोपलेलं बाळ उठू नये म्हणून हेडफोन शोधणारी, तंबोऱ्याचं ॲप लावून रियाज करणारी आणि दिवसभर ऑनलाइन मीटिंगमध्ये अडकलेला, या चौघांचं बजेट एकच असलं तरी त्यांना चार वेगळे हेडफोन लागतील.

इथे फक्त पूर्ण कान झाकणाऱ्या, म्हणजे ओव्हर-इअर हेडफोनचा विचार केला आहे. ठरवण्याचा क्रम असा ठेवा: कुठे ऐकणार, काय आवडतं, कशाला जोडणार आणि शेवटी किती खर्च करणार. बहुतेकांची फसगत हा क्रम उलटा लावल्यामुळे होते.

पायरी १ : कुठे ऐकणार? बंद की उघडा

हेडफोनच्या वाटीची मागची बाजू बंद असते किंवा जाळीची. बंद प्रकाराला क्लोज्ड-बॅक म्हणतात, जाळीच्या प्रकाराला ओपन-बॅक. हा निर्णय चुकला तर हेडफोन कितीही उत्तम असो, तो कपाटात पडून राहतो.

बंद हेडफोनमधून आवाज बाहेर कमी जातो आणि बाहेरचा आत कमी येतो. ठोका घट्ट लागतो, पण कान लवकर तापतात. उघड्या हेडफोनमध्ये आवाज डोक्यात कोंडल्यासारखा वाटत नाही, आजूबाजूला पसरतो. हवाही खेळती राहते. मात्र अगदी खालचा खर्ज बहुधा थोडा कमी असतो आणि शेजारी बसलेल्याला तुमचं गाणं शब्दांसकट ऐकू जातं.

- लोकल, एसटी, विमान, ऑफिस: बंदच घ्या. जमल्यास नॉइज कॅन्सलेशन असलेला. हे तंत्र पंखा, एसी, इंजिन अशा एकसुरी घरघरीवर चांगलं चालतं. शेजाऱ्यांच्या गप्पा किंवा हॉर्न त्याने पूर्ण थांबत नाहीत.
- रात्री, घरच्यांसोबत एकाच खोलीत: बंद.
- स्वतंत्र, शांत खोली: उघडा. पण आधी छताकडे बघा. पंखा पाचवर फिरत असेल तर उघड्या हेडफोनमध्ये विलंबित आलापावर त्याची घरघर चढते.
- गाण्याचा रियाज: उघडा सोयीचा, कारण तंबोऱ्यासोबत स्वतःचा आवाजही नैसर्गिक ऐकू येतो. बंद हेडफोन घालून गाताना पुष्कळ जण नकळत जोर लावतात.
- घरी माईकवर रेकॉर्डिंग किंवा ऑनलाइन शिकवणी: बंद. उघड्या हेडफोनमधला तंबोरा किंवा मेट्रोनोम माईकमध्ये शिरतो.

पायरी २ : तुमच्या कानाला काय रुचतं?

प्रत्येक कंपनी, प्रत्येक मॉडेल आवाजाला आपला रंग देतं. ढोबळमानाने चार प्रकार धरा.

- सरळ: रेकॉर्डिंगमध्ये जे आहे ते फार न रंगवता समोर ठेवणारा. सेनहायझर एचडी ६०० हे त्याचं नावाजलेलं उदाहरण. शास्त्रीय गायन, वाद्यवादन, मिश्र आवड असणाऱ्यांना बरा.
- भरदार: खालचा आणि मधला भाग भरलेला, वरची पट्टी मऊ. सेनहायझर एचडी ६५० या वळणाचा. भावगीत, गझल, जुनी हिंदी गाणी तासन्‌तास ऐकणाऱ्यांना हा मानवतो.
- धारदार: टाळ, झांजा, तारा, उच्चारातली व्यंजनं ठळक करणारा. बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रो आणि सोनी एमडीआर-७५०६ या बाजूला झुकतात. ध्वनिमुद्रणातली खरखर किंवा कापाकापी पकडायला उपयोगी. पण अभंगातले टाळ अर्ध्या तासाने कानात टोचू लागतात, अशी अनेकांची तक्रार असते.
- दणदणीत: ठोका पुढे. नृत्यसंगीत, ढोल-ताशा, ॲक्शनपटांना मजा येते. ‘एक्स्ट्रा बेस’ म्हणून विकले जाणारे हेडफोन यात मोडतात. त्यांची अडचण अशी, की डग्ग्याची घुमक वाढते तेव्हा गायकाचा आवाज मागे ढकलला जातो.

आपण यातल्या कोणत्या गटात बसतो हे फुकटात कळू शकतं. सध्या जो इअरफोन वापरता तोच घ्या आणि इक्वलायझर उघडा. अँड्रॉइडवर वेव्हलेट, विंडोजवर इक्वलायझर एपीओ पैसे न देता वापरता येतात. दोन दिवस १०० हर्ट्झच्या आसपासची पट्टी ३ डेसिबेलने वर ठेवून ऐका. पुढचे दोन दिवस ती पूर्ववत करून ८ हजार हर्ट्झच्या आसपासची पट्टी तेवढीच वर ठेवा. कोणत्या दिवशी गाणं बंद करावंसं वाटलं आणि कोणत्या दिवशी उशीर झाला तरी ऐकत बसलात, याची नोंद करा. दुकानातल्या पाच मिनिटांपेक्षा या चार दिवसांतून आवड जास्त स्पष्ट होते.

आईवडिलांसाठी घेत असाल तर एक गोष्ट ध्यानात असू द्या. वयानुसार वरच्या पट्टीतलं ऐकणं कमी होतं. तुम्हाला टोचणारा धारदार हेडफोन त्यांना ‘शब्द छान कळतात’ म्हणून आवडू शकतो. निवड त्यांच्या कानांवर सोडा.

पायरी ३ : ऐकून बघताना काय तपासायचं?

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत फिरलात तर हेडफोन भरपूर दिसतील. डबा फोडून ऐकू देणारं दुकान मात्र शोधावं लागतं. डेमोची सोय असलेलं दालन मिळालं तर तिथे स्वतःची गाणी घेऊन जा. दुकानदार लावतो ते गाणं हेडफोनला साजेसं निवडलेलं असतं. ही चार प्रकारची गाणी फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा:

1. तंबोरा आणि तबल्यासह ख्याल. तंबोऱ्याची जवारी सुटी, भरलेली ऐकू येते का? डग्ग्यावरची मींड सरकताना कळते, की नुसता ‘धुम्म’ असा गोळा होतो?
2. ‘स’ आणि ‘श’ भरपूर असलेलं गाणं. प्रत्येक ‘स’ला सुई टोचल्यासारखं होत असेल तर तो हेडफोन तुमच्यासाठी धारदार आहे.
3. एकाच वेळी पुष्कळ वाद्यं असलेलं गाणं. ‘सैराट’चं (२०१६) संगीत यासाठी चांगलं. त्याचा वाद्यवृंद हॉलिवूडमधल्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित झाला होता. ‘याड लागलं’मध्ये व्हायोलिनचा ताफा गायकाच्या मागे वेगळा उभा राहतो का, ते ऐका.
4. आवडतं जुनं भावगीत. जुनी अनेक ध्वनिमुद्रणं मोनो आहेत, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज. महाग हेडफोनने ती पसरत नाहीत. उलट धारदार हेडफोन त्यातली खसखस वर आणतो. तुमचं ऐकणं मुख्यतः जुन्या गाण्यांचं असेल तर भरदार प्रकाराकडे झुका.

दोन हेडफोनची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवा. जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला ‘चांगला’ वाटतो, आणि ही चूक भल्याभल्यांकडून होते. म्हणून प्रत्येक वेळी गायकाचा आवाज तेवढाच मोठा येईपर्यंत व्हॉल्यूम जुळवून घ्या आणि मगच मत बनवा.

चष्मा, घाम आणि वजन

आवाज आवडला तरी दहा मिनिटं डोक्यावर तसाच राहू द्या. तपासा:

- वाटी कानाची पाळी पूर्ण आत घेते का? पाळी आतल्या जाळीला घासत असेल तर तासाभराने दुखेल.
- चष्मा असेल तर घालूनच ऐका. चष्म्याच्या काडीमुळे कुशनला फट पडते आणि बंद हेडफोनमधला खर्ज तिथून निसटतो. जाड काडीच्या चष्म्यावर ‘या हेडफोनला बेसच नाही’ असं वाटलं तर काडी क्षणभर उचलून बघा.
- वजन किती? अडीचशे-तीनशे ग्रॅम बहुतेकांना चालतं. काही प्लॅनर जातीचे (सपाट, पातळ पडद्याचे) हेडफोन चारशे ग्रॅमच्या घरात जातात. मानेचं दुखणं असेल तर टाळा.
- कुशन रेक्झिनचं की कापडी? कोकण, मुंबई, गोव्याच्या दमट हवेत रेक्झिन लवकर सोलवटतं आणि काळे पापुद्रे कानाला चिकटतात. कापडी, मखमली कुशन थंड राहतं, पण बाहेरचा आवाज थोडा जास्त आत येऊ देतं.
- सुटं कुशन आणि सुटी वायर बाजारात मिळते का? मिळत असेल तर हेडफोन पुष्कळ वर्षं चालतो.

पायरी ४ : कशाला जोडणार?

डब्यावर दोन आकडे शोधा: इम्पिडन्स, म्हणजे ओहम, आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे डेसिबेल. ओहम जास्त असतील तर हेडफोनला जास्त व्होल्टेज लागतं. सेन्सिटिव्हिटी कमी असेल तर जास्त ताकद लागते.

- ओहम कमी (साधारण ८० पर्यंत), सेन्सिटिव्हिटी चांगली: फोन, लॅपटॉपवर बहुधा नीट वाजतो. ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्स ३८ ओहमचा आहे.
- २५०–३०० ओहम: एचडी ६०० आणि एचडी ६५० दोन्ही ३०० ओहमचे आहेत. साध्या फोनवर व्हॉल्यूम पूर्ण वर नेला तरी आवाज दबलेला वाटू शकतो. ॲम्प्लिफायरचा खर्च आधीच धरा.
- ओहम कमी, पण सेन्सिटिव्हिटीही कमी: हायफायमॅन एचई४००एसई फक्त २५ ओहमचा, तरी त्याला ताकद लागते. म्हणून एकाच आकड्यावर विसंबू नका.

बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो एकाच नावाने ३२, ८० आणि २५० ओहम अशा रूपांत मिळतो. ‘ऑनलाइन स्वस्त दिसला’ म्हणून मागवताना ओहम वाचायचे राहून जातात आणि घरी २५० ओहमचा येतो. फोनवर ऐकणार असाल तर ३२ किंवा ८० घ्या.

फोनला गोल जॅक नसेल तर टाइप-सीचा डोंगल लागेल. ज्यात डॅक (डिजिटल संकेतांचं आवाजात रूपांतर करणारी चिप) आहे असाच डोंगल घ्या. बिनडॅकचा स्वस्त तुकडा काही फोनवर चालतच नाही.

वायर की ब्लूटूथ?

प्रवास, चालणं, स्वयंपाकघर यासाठी ब्लूटूथ सोयीचा, यात वाद नाही. पण विकत घेण्याआधी चार गोष्टी माहीत असाव्यात.

- तेवढ्याच पैशांत वायरचा हेडफोन आवाजात बहुधा सरस असतो, कारण ब्लूटूथमध्ये बॅटरी, चिप आणि माईकचाही खर्च येतो.
- ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोचतो. इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड किंवा गिटारचा सराव त्यावर होत नाही. बोट आणि सूर जुळत नाहीत.
- लॅपटॉपवर मीटिंगमध्ये हेडफोनचाच माईक सुरू केला की आवाजाचा दर्जा अनेकदा घसरतो. हेडफोन बिघडलेला नसतो, ब्लूटूथची पद्धतच तशी आहे. लॅपटॉपचा किंवा वेगळा माईक निवडला की बऱ्याचदा फरक पडतो.
- ‘एलडॅक’ (ब्लूटूथवरून आवाज पाठवण्याची एक पद्धत) हे नाव बघून जादा पैसे मोजत असाल तर आधी फोन बघा. आयफोनमध्ये एलडॅक नाही, तिथे एएसी वापरलं जातं.

शिवाय बॅटरी काही वर्षांनी दमते. ती बदलून मिळते का आणि बॅटरी संपल्यावर वायर लावून हेडफोन चालतो का, हे विचारून घ्या.

पायरी ५ : आता पैसे

दर सेलमध्ये आणि एरवी बरेच वरखाली होतात. पुढचे टप्पे अंदाजापुरते धरा.

- तीन हजारांपर्यंत: वायरचा, बंद, साधा हेडफोन. या किमतीत ब्लूटूथ, नॉइज कॅन्सलेशन, दणका आणि स्पष्टता सगळं हवं म्हटलं तर प्रत्येकात तडजोड येते. एकच गोष्ट मागा.
- तीन ते आठ हजार: स्टुडिओ वळणाचे सुरुवातीचे हेडफोन, उदाहरणार्थ एटीएच-एम२०एक्स. पहिल्यांदाच घेणाऱ्याला सर्वांत जास्त फरक याच टप्प्यावर जाणवतो.
- आठ ते वीस हजार: एम५०एक्स, डीटी ७७० प्रो, डीटी ९९० प्रो, सेनहायझर एचडी ५६०एस अशी मातब्बर नावं. बहुतेक श्रोत्यांनी इथे थांबायला हरकत नाही.
- वीस हजारांच्या वर: एचडी ६००, एचडी ६५०, किंवा सोनीच्या डब्ल्यूएच-१०००एक्सएम मालिकेसारखे ब्लूटूथ हेडफोन. पहिल्या दोघांत पैसे आवाजाचे आहेत, सोनीत बऱ्याच अंशी शांततेचे आणि सोयीचे. पुढे किंमत दुप्पट झाली तरी आवाज दुप्पट सुधारत नाही.

नवीन मॉडेलच्या मागे धावू नका. सोनी एमडीआर-७५०६ १९९१ सालचा, एचडी ६०० १९९७ चा. दोन्ही आजही विकले जातात. वायरच्या हेडफोनचं तंत्र दरवर्षी जुनं होत नाही.

डब्यावरच्या या गोष्टींना भुलू नका

- ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ जवळजवळ सगळ्यांवर लिहिलेलं असतं. त्यातून आवाज कसा आहे हे कळत नाही.
- ड्रायव्हर (आवाज निर्माण करणारा भाग) ५० मिलिमीटरचा म्हणजे ४० पेक्षा चांगला, असं नसतं.
- ‘हाय-रेस’चा शिक्का म्हणजे तुमच्या आवडीची हमी नव्हे.
- छापील किमतीवर ७० टक्के सूट असेल तर सवलतीपेक्षा छापील किमतीवरच शंका घ्या.

तुमचे हक्क

इथे एक भेद नीट समजून घ्या. ‘आवाज आवडला नाही’ हा कायद्याने दोष ठरत नाही. अशा वेळी परतावा मिळेल का, हे पूर्णपणे विक्रेत्याच्या धोरणावर अवलंबून आहे. म्हणून ऑनलाइन घेताना ‘परतावा’ आणि ‘फक्त बदली’ यांतला फरक आधी वाचा. ऐकून बघायची सोय नसेल तर परताव्याची मुदत हीच तुमची चाचणी. डबा आणि पिशव्या तोपर्यंत जपून ठेवा.

माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा निघाला तर गोष्ट निराळी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आणि २०२० चे ई-कॉमर्स नियम तुमच्या बाजूने आहेत:

- सदोष, बनावट किंवा वर्णनाशी न जुळणारा माल ऑनलाइन विक्रेत्याला परत घ्यावा लागतो.
- सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा.
- ई-कॉमर्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते.
- दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

खरेदीच्या दिवशी एवढं करा: जीएसटीचं बिल स्वतःच्या नावावर घ्या, डब्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि अनुक्रमांक बघा, डबा उघडतानाचा व्हिडिओ काढा. ब्लूटूथ हेडफोनवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी खूण आणि क्रमांक असायला हवा; बीआयएस केअर ॲपवर तो पडताळता येतो. लोकप्रिय मॉडेलच्या नकला भरपूर आहेत, तेव्हा अनोळखी विक्रेत्याकडून निम्म्या किमतीत मिळणारा ‘ओरिजिनल’ सोडून द्या. दुबई किंवा अमेरिकेहून कुणाकडून मागवत असाल तर त्याची वॉरंटी भारतात चालते का, हे आधी कंपनीला विचारा.

कानांची काळजी

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी ८० डेसिबेलला आठवड्याला ४० तास ही सुरक्षित मर्यादा आहे; ९० डेसिबेलला ती चार तासांवर येते. फोनवर आवाज ६० टक्क्यांखाली ठेवा असा सल्ला दिला जातो, पण टक्का हेडफोननुसार बदलतो: ज्या टक्क्याला ३०० ओहमचा हेडफोन मंद वाजतो, त्याच टक्क्याला ३२ ओहमचा बहुधा मोठा वाजतो. सोपी खूण अशी, की हेडफोन काढल्यावर कानात गुणगुण राहिली तर आवाज जास्त होता. आणि रस्ता किंवा रूळ ओलांडताना हेडफोन गळ्यात असू द्या.

खरेदीआधी एका कागदावर लिहा

1. मी मुख्यतः कुठे ऐकणार: बंद की उघडा?
2. चार दिवसांच्या इक्वलायझर-प्रयोगातून कोणता प्रकार निघाला?
3. फोन, लॅपटॉप की कीबोर्ड? ॲम्प्लिफायर किंवा डोंगल लागेल का?
4. चष्मा, घाम, वजन यांतली माझी अडचण कोणती?
5. एकूण बजेटमधून डोंगल-ॲम्प्लिफायरचा खर्च वजा करून हेडफोनसाठी किती उरले?
6. परताव्याची मुदत किती दिवसांची आणि वॉरंटी कोण देणार?

या सहा ओळी भरल्यावर तुमच्यासमोर दोन-तीनच नावं उरतील. त्यांतलं ऐकायला मिळेल ते घ्या. दोन नावं सारखीच आवडली तर ज्याचं कुशन आणि वायर सहज बदलून मिळते ते निवडा, आणि त्यानंतर महिनाभर एकही परीक्षण वाचू नका.